मार्च एंडला सरकारी ऑफिसं पैसे संपवायला एवढी का धावतात?

प्रश्न – भटका_वाचक
वर्षभर कुठल्याही खात्यात गेलं की 'निधी नाही', आणि फेब्रुवारी संपत आला की एकदम कोटेशनं, प्रिंटर, खुर्च्या, सगळंच चालू. राज्य सरकारच्या खात्याने मिळालेला पैसा संपवलाच पाहिजे असा नियम आहे का? उरलेला पुढच्या वर्षी का नाही वापरता येत?

जुना_लेखापाल
असा नियम कुठेच नाही हो. विधिमंडळाने मंजूर केलेली तरतूद ही कमाल मर्यादा असते, टार्गेट नव्हे. खर्चाला परवानगी देणारा विनियोजन कायदा त्या एका वर्षापुरता, त्यामुळे ३१ मार्चला उरलेली तरतूद व्यपगत (रद्द) होते, पण पैसा बुडत नाही, राज्याच्या एकत्रित निधीतच राहतो. उलट लागणार नाही असं दिसलं की वेळेत समर्पित (परत) करायचं असतं, म्हणजे तीच रक्कम दुसऱ्या गरजेला वळवता येते. शेवटच्या दिवशी परत केलेला पैसा कुणाच्याच उपयोगी पडत नाही, आणि सगळ्यात जास्त हेच होतं.

खडू_फळा
नियम बरोबर, पण खालच्या ऑफिसचं पण ऐका की. बीम्सवर (राज्याच्या बजेट वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) तरतूद दिसते पण वितरण हप्त्याहप्त्याने येतं, मोठा हप्ता कधीकधी मार्चमध्येच. त्यात प्रत्येक पैसा उद्दिष्टानुसार (खर्चाच्या प्रकारानुसार) बांधलेला, ०१ वेतन, ११ प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च. एका ऑफिसात बघितलंय, प्रवास खर्चात पैसे पडून आणि १३ खाली काहीच शिल्लक नाही म्हणून झेरॉक्सवाल्याचं बिल तसंच थकलेलं. पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका प्रकारचा पैसा दुसऱ्याला वळवायचा, प्रस्ताव वर पाठवायचा, तो फिरून येईपर्यंत वर्ष संपतं. शिवाय कमी खर्च दिसला की पुढच्या वर्षी कात्री लागते ही भीती सगळ्यांनाच, आठमाही सुधारित अंदाजात (पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेल्या) आकडे लावताना हेच डोक्यात असतं. दोष फक्त खालच्या बाबूंवर टाकू नका.

भटका_वाचक
मग पैसे काढून बँकेत ठेवले तर? घाईत नको ती खरेदी तरी टळेल.

जुना_लेखापाल
ते तर अजिबात नको. लगेच कुणाला द्यायचे नसतील तर कोषागारातून पैसे काढायलाच मनाई आहे. तरतूद संपू नये म्हणून पैसे काढून खात्यात पार्क करून ठेवले की कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा) आक्षेप ठरलेला, मग विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे उत्तरं द्यावी लागतात. कॅग आणखी एक गोष्ट वारंवार लिहितं आणि ती मला जास्त लागते, मूळ तरतूदच पूर्ण खर्च झालेली नसताना खातं पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच जादा तरतूद) मंजूर करून घेतं. तेवढ्या रकमेत दुसऱ्या खात्याचं अडलेलं काम झालं असतं ना. खडू_फळा म्हणतात ते वितरणाचं मान्यच आहे, वित्त विभागाने हप्ते वेळेवर सोडले तर अर्धी घाई आपोआप जाईल.

तुम्हाला एखाद्या ऑफिसचं बघायचं असेल तर माहिती अधिकारात महिनावार दोन आकडे मागा, वितरित निधी आणि झालेला खर्च. पैसा उशिरा आला की येऊन पडून राहिला, ते लगेच कळतं.