भाजीच्या मळ्याचं पाणी सेन्सरच्या हाती द्यावं का?

वायंगणीवाला, गुहागर
भातकापणी झाली की बारा गुंठ्यांत वांगी, मिरची, लाल माठ करतो. यंदा मोटर आणि व्हॉल्व्ह दोन्ही बिनतारी ओलावा-सेन्सरला जोडले, आणि माझं मत ठाम झालंय: कोकणात हे करायलाच हवं. पाऊस आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने बावेच्या, म्हणजे विहिरीच्या, भरवशावर. त्यात जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही.

मी एक सेन्सर 15 सेंटिमीटर खोल पुरला, दुसरा 40 वर. पूर्वी एक दिवसाआड दोन तास ठिबक चालवायचो. पाऊण तास झाला नाही तोच खालचा सेन्सर ओल दाखवायला लागला! म्हणजे इतकी वर्षं बाव उपसून मी मुळांच्या खाली ओतत होतो, बरोबर खतही वाहून जात होतं. आता वरचा सेन्सर कोरडा झाला की वीसच मिनिटं पाणी सुटतं, मी मळ्यात असो वा नसो.

बावेकाठची काकी, मालवण
सेन्सरला माती कळते, बाव कळत नाही. आमचं घर दर्यापासून हाकेच्या अंतरावर. इथे वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली त्याचा थर साधारण 40 फूट असतो, असा हिशेब आहे. उपसून वरचा फूटभर घालवलात, की खालचं खारं किती वर येईल ते बघा.

आमच्या शेजारचा मळेवाला मुंबईला, मोटर आपोआप चालायची. एप्रिलात पाणी मचूळ झालं, मिरचीची पानं कडांनी करपली, तरी मोटर चालूच. हाताने शिंपणाऱ्या बाईच्या जिभेला ते पहिल्या दिवशी कळलं असतं.

वायंगणीवाला, गुहागर
काकी, खाऱ्या पाण्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण चूक बावेत सेन्सर नसल्याची आहे. आत फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, सोडा, पाणी ठरल्या खुणेखाली गेलं की मोटर बंद. क्षार मोजणारा प्रोबही लावता येतो.

तारजोड, चिपळूण
बसवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. उघड्या धातूचे दोन काटे असलेला स्वस्त सेन्सर घेऊ नका, लवकर गंजतो. कपॅसिटिव्ह, म्हणजे उघडा धातू मातीला न लावता ओल मोजणारा, घ्या, वरचं सर्किट नीट सील करा. पुरताना बाजूला दगड किंवा पोकळी राहिली तर तो कोरडंच दाखवत राहतो आणि पाणी थांबत नाही; गाळलेल्या मातीचा चिखल करून घट्ट बसवा. दाट पाल्यातून वायफाय लांब जात नाही, लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब जाणारा रेडिओ संदेश, जातं, आणि त्याच्या 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही. व्हॉल्व्ह मात्र वीज गेली की मिटणाराच हवा.

काकींच्या बाजूची एक गोष्ट: माती खारावली की हे सेन्सर असते त्यापेक्षा जास्त ओल दाखवतात.

बावेकाठची काकी, मालवण
मग फ्लोट अडकला, सील सुटलं, प्रोबवर शेवाळ धरलं, तर बघणार कोण? वाडीत राहिलो आम्ही साठीच्या पुढचे.

माहेरवाशीण, नालासोपारा
काकी, म्हणूनच तर हवं. माझी आई 68 वर्षांची, गुडघे गेलेले, तरी रोज संध्याकाळी बावेवर उतरून व्हॉल्व्ह फिरवते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर ती एकटी असते, आणि मी इथे तिच्या फोनची वाट बघत बसते. वांगी थोडी कमी आली तरी चालतील मला.

बावेकाठची काकी, मालवण
बाय, तुझ्या आईसाठी लाव. फक्त होळीनंतर दर आठ दिवसांनी कोणालातरी बावेचं पाणी चाखायला सांग.

वायंगणीवाला, गुहागर
फ्लोट या रविवारी बसवतो. व्हॉल्व्ह मात्र पुन्हा हातावर घेणार नाही.