डेबियन १२ च्या केर्नलनंतर एनएफएस सर्व्हर मधेच लटकायलाय, नेमकं कुठं बघावं?

लातूर_लॅब:
नमस्कार मंडळी, लातूरला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, पोरांच्या होम डिरेक्टरी सगळ्या एकाच एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटणाऱ्या) सर्व्हरवर आहेत. डेबियन (लिनक्स) ११ होतं तोवर काही म्हणजे काही त्रास नव्हता, १२ टाकलं, केर्नल (सिस्टमचा गाभा) ५.१० चा ६.१ झाला अन् तेव्हापासून मधेच कधीतरी सगळी लॅब एकदम लटकायली. माउस हलतो पण फाइल सेव्ह व्हईना, टर्मिनलमध्ये एलएस मारलं तर तिथंच बसतंय. सर्व्हरवर मात्र एसएसएच लागतंय, शोमाउंट पण एक्स्पोर्टची (वाटलेल्या फोल्डरची) यादी दाखवतंय, सीपीयू रिकामा अन् लोड ॲव्हरेज वर वर चाललंय. सर्व्हिस रिस्टार्ट करावी म्हटलं तर ती पण अडकते, मग रिबूटच. एनएफएसडीचे थ्रेड (क्लायंटच्या मागण्या हाताळणारे सर्व्हरचे कामगार) ८ चे ६४ केले तर आता उशिरा लटकतंय, एवढाच फरक. प्रॅक्टिकल तोंडावर आलेत, पोरांचे प्रोग्राम मधेच अडकले तर मार्क जातील हो. कुणी बघितलंय का हे?

गोदाकाठ_नांदेड:
आधी डिस्क बघा. रेडमधली (अनेक डिस्कच्या जोडणीतली) एखादी डिस्क मरायला टेकली की सेम असंच दिसतं. डीमेसेजमध्ये (केर्नलच्या मेसेजमध्ये) आयओ एरर आहेत का, स्मार्ट (डिस्कची तब्येत सांगणारं) काय म्हणतंय?

लातूर_लॅब:
बघितलं दादा, एकदम साफ आहे. लटकलेलं असताना सर्व्हरवरच त्याच फोल्डरमध्ये मोठी फाइल कॉपी केली, भरभर झाली.

वाळूज_रूट:
मग डिस्क सोडा. शोमाउंटवर भरवसा ठेवू नका, त्याला उत्तर माउंटडी देतो, ती वेगळी प्रोसेस आहे. आरपीसीइन्फोनं एनएफएसला टीसीपीवरून नल कॉल (नुसती हाक, काम काही नाही) मारून बघा, तो लटकला तर समजायचं एकही एनएफएसडी थ्रेड मोकळा नाही. लोड चढतोय कारण लिनक्समध्ये डी स्टेटमधले थ्रेड पण लोडमध्ये मोजतात, ते सीपीयू खात नाहीत, नुसते वाट बघत असतात, अन् किल मायनस नऊला पण दाद देत नाहीत. थ्रेड वाढवून म्हणूनच उपयोग नाही, ६४ च्या ६४ हळूहळू तिथंच जाऊन अडकणार.

माझं कळकळीचं सांगणं आहे, पुढच्या वेळी लगेच रिबूट करू नका, पुरावा त्याच्यातच जातो. रूटनं सिसआरक्यू (केर्नलला थेट हुकूम द्यायच्या) ट्रिगर फाइलमध्ये डब्ल्यू एको करा, अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक (कोणत्या फंक्शनमध्ये थांबलंय ती साखळी) डीमेसेजमध्ये येतील, ते फाइलमध्ये काढून घ्या अन् मग खुशाल रिबूट मारा. त्यात सगळ्यात आधी अडकलेला थ्रेड कोणता ते शोधायचं, बाकीचे बऱ्याचदा त्याच्यामागं उभे असतात.

लातूर_लॅब:
आज दुपारी परत लटकलं, काढलं. पहिल्या थ्रेडमध्ये खालून वर असं दिसायलंय: एनएफएसडी४ डिस्ट्रॉय सेशन, त्यावर प्रोब कॉलबॅक सिंक, त्यावर फ्लश वर्कक्यू, अन् तिथंच थांबलंय. लाइट गेल्यावर यूपीएस नसलेल्या दोन रांगा बंद पडल्या होत्या, त्यानंतर थोड्या वेळानं झालं हे.

वाळूज_रूट:
सापडलं मग. हाच स्टॅक ६.१ वर बाकीच्यांनी पण रिपोर्ट केलाय. एनएफएस ४.१ पासून सर्व्हर त्याच कनेक्शनवरून क्लायंटला उलटा कॉल (कॉलबॅक) करतो, डेलिगेशन (फाइल क्लायंटकडंच सांभाळायची दिलेली मुभा) परत मागायला वगैरे. केर्नल ६.१ मध्ये सगळ्या क्लायंटचे हे कॉलबॅक एकाच वर्कक्यूमध्ये (कामांच्या रांगेत) एकामागं एक चालतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर एक ट्रॉली अडकली की मागच्या सगळ्या उसाच्या गाड्या उभ्या, तसं. सेशन (क्लायंट-सर्व्हरमधली चालू जोडणी) मोडणारा थ्रेड ती क्यू रिकामी व्हायची वाट बघतो, ती होतच नाही. तुमच्या त्या दोन रांगांचे कॉलबॅक उत्तराविना राहिले असतील हा माझा अंदाज, पण अडकण्याची जागा स्टॅकमध्ये स्पष्ट आहे.

परीक्षेपुरतं सरळ ग्रबमधून (बूट मेनूतून) जुना ५.१० बूट करा, अपग्रेडमध्ये तो पुसला नसेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये असेलच. नाहीतर क्लायंटला एनएफएस व्हर्जन ३ नं माउंट करा, त्यात सेशनही नाही अन् डेलिगेशनही नाही. फक्त लॉकिंगचे पोर्ट वेगळे असतात, फायरवॉल बघा, अन् यूआयडी (युजरचे नंबर) दोन्हीकडं सारखे पाहिजेत.

गोदाकाठ_नांदेड:
सिसकंट्रोलमध्ये (केर्नलच्या सेटिंगमध्ये) लीजेस-एनेबल शून्य केलं तर डेलिगेशन बंद होतात ना? ते सोपं पडेल.

वाळूज_रूट:
होतात, पण एनएफएस सर्व्हर सुरू व्हायच्या आधी करा. त्याच मशीनवर सांबा (विंडोजला फाइल वाटणारं) असेल तर त्याचे केर्नल ऑपलॉक (डेलिगेशनसारख्याच मुभा) पण जातील. अन् सेशन तरीही राहतात, त्यामुळं परीक्षेच्या तोंडावर मी त्याच्यावर विसंबणार नाही.

लातूर_लॅब:
५.१० होता, त्यावरच बूट केलाय. परीक्षा होईस्तोवर केर्नलला हात लावत नाही. पूर्ण स्टॅक डेबियनच्या बग रिपोर्टला जोडतो आज रात्री, अन् त्या दोन रांगांच्या यूपीएससाठी अर्ज पण टाकतो.