अंतर मोजायला फोन पुरतो. कॅलरी मोजायला काहीच पुरत नाही

पायपीट:
नुकतेच पळायला लागलेले लोक बुटांनंतर लगेच विचारतात, "अंतर आणि कॅलरी दाखवणारं स्वस्तातलं काय घेऊ?" माझं मत सरळ आहे. स्मार्टफोन असेल तर पहिले काही महिने काहीही घेऊ नका. फोनमधलं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरच्या आत तुमची जागा सांगतं. स्ट्राव्हा किंवा नायकी रन क्लबसारखं अ‍ॅप फुकटात अंतर, वेळ, वेग नोंदवतं.

मनगटावरच्या स्वस्त फिटनेस बँडच्या खोक्यावर 'जीपीएस' लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा ते 'कनेक्टेड जीपीएस' असतं. म्हणजे बँडमध्ये ती चिप नाहीच, तो फोनचं उसनं घेतो. फोन घरी ठेवलात की हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं मोजायची आणि उंचीवरून धरलेल्या पावलाच्या लांबीने गुणायचं, एवढंच तो करू शकतो. चढावर पाऊल आखूड पडतं, दमल्यावर आणखी आखूड, जोरात सुटलं की लांब. त्यातलं बँडला थोडंच कळतं.

कॅलरींसाठी तर पैसे टाकूच नका. सपाट रस्त्यावर पळताना एका किलो वजनामागे एका किलोमीटरला साधारण १ कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी) खर्च होते. वजन ६५ किलो, अंतर ६ किलोमीटर, झाल्या ३९०. वेग वाढवला तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही, काम लवकर उरकतं इतकंच. एवढ्या गुणाकारासाठी मनगटावर यंत्र?

उलटपावली:
साफ असहमत. फोन घेऊन पळालाय का कधी तासभर? हातात धरला तर खांदा आखडतो, खिशात ठेवला तर मांडीवर आपटतो, दंडाच्या पट्ट्यात अडकवला तर घामाने स्क्रीन बोट ओळखत नाही. आणि पळता पळता वेग बघायचा तर थांबायचं! बँड वीस-पंचवीस ग्रॅमचा असतो, मान वळवली की आकडा समोर. अंतर थोडं चुकलं तर चुकलं. नव्या माणसाला पाचशे मीटर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही, पण रोज बाहेर पडण्याची सवय लागणं महत्त्वाचं. ते काम बँड करतो.

आकडेमोड:
पाचशे मीटर थोडं? ५ किलोमीटरमध्ये १० टक्के झाले की. तुम्हाला वाटणार वेग वाढला, प्रत्यक्षात बँडने अंतर फुगवलं.

कॅलरींबाबत पायपीट यांच्या बाजूने पुरावा देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर ७ मनगटी उपकरणं तपासली. त्यांतल्या ६ उपकरणांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. ३०० कॅलरींच्या जागी जवळजवळ ६०० दाखवणारं यंत्र म्हणजे करमणूकच.

उलटपावली:
तो अभ्यास आता जुना झाला. सेन्सर बरेच सुधारलेत.

आकडेमोड:
सुधारलेत, पण मोजतात काय? मनगटावर हिरवा प्रकाश टाकून नाडी, आणि हाताची हालचाल. कॅलरी खरोखर मोजायच्या तर तोंडावर मुखवटा लावून किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते बघावं लागतं. घड्याळ तिथवर पोचतच नाही. ते वय, वजन, लिंग आणि नाडी एका सूत्रात घालतं. उकाड्यात किंवा नुसत्या धास्तीनेही नाडी वाढते, तेव्हा त्या प्रमाणात जास्त कॅलरी जळत नसतात. घड्याळाला हा फरक कसा कळणार?

सावकाश:
मी वजन कमी करायला पळते, म्हणून विचारते. यंत्र चुकतंय हे मान्य, पण दरवेळी सारखंच चुकत असेल तर स्वतःचीच स्वतःशी तुलना करता येईल ना? काल २५०, आज ३००, म्हणजे आज जास्त झालं, एवढं तरी खरं?

आकडेमोड:
सारखं चुकलं असतं तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण पट्टा सैल असला की वेगळी चूक, थंडीत मनगटातला रक्तप्रवाह कमी झाला की वेगळी. कधी कधी सेन्सर नाडी सोडून पावलांचाच ठेका पकडतो आणि आरामात पळतानाही १६०-१७० दाखवतो. त्यात सॉफ्टवेअर अपडेटमध्ये सूत्रच बदललं की आधीच्या महिन्यांशी तुलना संपली. तुलनाच करायची तर अंतराची करा.

आणखी एक. बरीच उपकरणं दाखवतात त्या आकड्यात तुम्ही नुसतं बसून असता तरी जळल्या असत्या त्या कॅलरीही धरलेल्या असतात. तासाला, किलोमागे साधारण १. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासात ३०. तो आकडा बघून "तेवढं जास्त खाल्लं तर चालेल" असा हिशोब केला की वजन जागचं हलत नाही.

सावकाश:
हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं. मग मी चालते तेव्हा?

पायपीट:
चालण्याचा जादा खर्च दर किलोमीटरला पळण्याच्या निम्म्याच्या आसपास. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची चालण्या-पळण्याची जी सूत्रं आहेत त्यांतूनही हेच गुणोत्तर निघतं. म्हणून थोडं पळणं, थोडं चालणं असं असेल तर दोन्हींचं अंतर वेगळं धरा.

उलटपावली:
म्हणजे तुमचा गुणाकारही अंदाजच! चढ, वारा, पळण्याची ढब, काहीच नाही त्यात.

पायपीट:
अंदाजच आहे. फुकटातला आहे, एवढाच माझा मुद्दा.

गोलगोल:
तुम्ही सगळे रस्त्यावर पळणारे दिसता. ज्यांना ४०० मीटरचा ट्रॅक उपलब्ध आहे त्यांनी ना फोन घ्यावा, ना बँड. बटणांचं साधं डिजिटल घड्याळ घ्या, ज्यात लॅप (एकेका फेरीची वेळ) नोंदवता येतात. पहिल्या लेनची एक फेरी ४०० मीटर, तीही आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजलेली. आठव्या लेनमधून पूर्ण फेरी मारलीत तर सुमारे ४५३ मीटर होतात, हे मात्र लक्षात ठेवा. जीपीएस नेमकं ट्रॅकवरच गडबडतं, कारण ते मधूनमधून बिंदू टिपतं आणि सरळ रेषांनी जोडतं. वळणं कापली जातात, बिंदू डगमगले की अंतर वाढतं. नकाशावर बघा, तुम्ही मैदानाच्या मधोमध पळालेले दिसाल.

जुनंपुराणं:
मधला मार्ग कोणीच सांगितला नाही. नवा स्वस्त बँड घेण्यापेक्षा एखाद्या नावाजलेल्या कंपनीचं चार-पाच वर्षांपूर्वीचं, स्वतःचं जीपीएस असलेलं धावण्याचं घड्याळ सेकंडहँड घ्या. गार्मिनचं पहिलं फोररनर २००३ साली आलं, म्हणजे हे तंत्रज्ञान काही कालचं नाही. अंतर, वेग, लॅप ही मूळ कामं जुनी घड्याळं व्यवस्थित करतात. शिवाय बटणं असतात, ओल्या बोटांनीही चालतात. झोपेचे गुण, ताणाचे गुण मिळणार नाहीत. न मिळालेलेच बरे.

उलटपावली:
सेकंडहँड घ्यायला सांगता, बॅटरीचं काय? जीपीएस चालू केलं की जुनी बॅटरी तासाभरात मान टाकते. अ‍ॅपने त्या मॉडेलला टेकू देणं बंद केलं असेल तर नोंदी फोनवर येणारच नाहीत.

जुनंपुराणं:
म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी करायच्या. पूर्ण चार्ज करून जीपीएस चालू ठेवायचं आणि किती वेळ टिकतं बघायचं. कंपनीच्या अ‍ॅपशी जोडून एक नोंद समोर उतरवून घ्यायची. विकणारा नाही म्हणाला तर परत फिरायचं.

नकाशेखोर:
सगळ्यांनाच एक विनंती. शर्यत झाल्यावर "माझ्या घड्याळात ४२.६ आलं, आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला" असं लिहू नका. प्रमाणित मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात, तेही पळता येईल अशा सगळ्यांत आखूड रेषेवर, आणि मार्ग कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर वर. तुम्ही गर्दीतून नागमोडी पळता, पाणी घ्यायला बाजूला जाता, वर जीपीएसची चूक. जास्त येणारच. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीचा जीपीएस संकेत मुद्दाम बिघडवून देत असे. त्या मानाने आजचा स्वस्तातला फोनसुद्धा कमाल करतो.

आणि अ‍ॅप वापरणाऱ्यांनो, घराभोवतीचा भाग लपवायची सोय असते, ती चालू करा. स्ट्राव्हाच्या जगभरच्या हीटमॅपवर (लोक कुठे कुठे पळतात ते उजळून दाखवणारा नकाशा) २०१८ साली लष्करी तळांचे आराखडे दिसले होते, तुमचा दरवाजा तर सहज दिसेल.

उलटपावली:
हे सगळं वाचूनही मी बँडच वापरणार. रात्री पावलं कमी भरलेली दिसली की मी उठून बाहेर पडते. तुमच्या गुणाकाराने मला कधी उठवलं नाही.

आकडेमोड:
जरूर वापरा. फक्त ते १०,००० पावलांचं ध्येय १९६५ साली जपानमध्ये पेडोमीटर (पावलं मोजायचं यंत्र) विकण्यासाठी रूढ झालं, एखाद्या वैद्यकीय प्रयोगातून नाही. ७,००० भरली तरी झोपा.

सावकाश:
शेवटचा प्रश्न. ट्रेडमिलवर तर जीपीएस चालतच नाही, तिथे काय करायचं?

गोलगोल:
ट्रेडमिलच्या पट्ट्याने दाखवलेलं अंतर घ्या. शंका असेल तर पट्ट्यावर खडूची खूण करा, पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा, आणि कुणाला तरी १ मिनिटात खूण किती वेळा फिरून येते ते मोजायला सांगा. लांबी गुणिले फेऱ्या, ते मिनिटाभरातलं खरं अंतर. तुम्ही वर पळत असतानाच मोजायचं, कारण वजन पडलं की काही यंत्रांचा पट्टा मंदावतो.