बटणं बरी की टच बरा? आपापले अनुभव लिहा

माहीमची
ऑफिसमधल्या एका मुलाने आयफोनला क्लिक्स लावलाय. कव्हरसारखं चढवायचं आणि खाली खरीखुरी बटणं, २०२४ च्या सुरुवातीला आलेली वस्तू. डबा खाऊन झाल्यावर सगळे दाबून बघत बसले आणि दोन तट पडले. म्हटलं इथेच विचारू. एक विनंती, नुसतं "जुनं ते सोनं" लिहून पळू नका, काय काम करता, कुठे उभं राहून टाइप करता, हात कसे असतात तेव्हा, ते लिहा. आणि मराठी कशी टाइप करायचात आणि आता कशी करता हे नक्की लिहा, मला खरं तर त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

विरारफास्ट
मी पहिला. संध्याकाळची विरार, एक हात वरच्या कडीला आणि दुसरा हात छातीशी चेपलेला, त्या चेपलेल्या हातात नोकिया ११००. मान खाली घालायला जागाच नसायची, तरी "अंधेरी गेलं, भाजी टाक" असा मेसेज जायचा कारण कुठलं अक्षर कुठे हे अंगठ्याला माहीत होतं. टचवर हे होत नाही म्हणजे नाही. काच सगळीकडे सारखीच लागते, बघावंच लागतं, आणि बघायला फोन तोंडासमोर धरावा लागतो, म्हणजे पुढच्याच्या पाठीवर. दारात उभं राहून फोन बघणाऱ्यांचं काय होतं ते फटका गँगमुळे सगळ्यांना माहितीये, रुळाशेजारून काठीचा फटका आणि फोन खाली. बटणाचा फोन दारात बाहेर काढायची वेळच यायची नाही, खिशात हात घालूनच काम व्हायचं.
११०० साल २००३ चा. वरती रबराचं एकसंध कव्हर, धूळ आत जायची नाही, टॉर्च होता. जगात २५ कोटींच्या वर विकला गेला तो, उगाच नाही.

गिरगावकर
@विरारफास्ट भाऊ मेसेज जायचा हे खरं, पण कुठल्या भाषेत? तुझं "अंधेरी गेलं" रोमनमध्येच असणार. आठव जरा. स लिहायला एस, म्हणजे ७ चं बटण चार वेळा. आणि टी-नाईन, म्हणजे एका अक्षराला एकदाच दाबायचं आणि शब्द फोनने ओळखायचा, ते चालू केलं की अजून मजा, कारण आतली डिक्शनरी इंग्रजी. आई लिहायला २-२-४ दाबा, बॅग येणार. काय लिहायला ५-२-९, तर लॉ. साधं हो लिहायचं तर ४-६, ते गो नाहीतर इन. शेवटी सगळे टी-नाईन बंद करून टकटकटक दाबत बसायचे.
काही हॅन्डसेटवर बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली असायची, एकेका बटणावर अख्खा वर्ग, वर काना मात्रा वेगळ्या. त्यात पैशाचा मामला. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरी केला की एकदम ७० वर यायचा, आणि काना वेलांटी अनुस्वार सगळं त्या ७० मध्येच मोजलं जायचं. त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छा देवनागरीत पाठवायच्या तर एकाचे दोन तीन मेसेज, आणि सणाच्या दिवशी पॅक चालायचा नाही हे वेगळंच. आमच्या पिढीला रोमन मराठीची सवय लागली ती काही हौसेने नाही लागली.

रुईयानाका
काका लोक सॉरी पण मला हे सगळं ऐकून दमायला होतं 😄 मी स्वाइप करते, बोट उचलतच नाही, मराठीत पण. अर्ध्या स्क्रीनभर बटणं चिकटवून रील कुठे बघू?

गिरगावकर
@रुईयानाका बाळा, तुझ्या त्या स्वाइपची सुरुवात ज्या स्वाइप नावाच्या कीबोर्डने झाली ना, तो काढणाऱ्यांतला क्लिफ कुशलर टी-नाईन काढणाऱ्यांतही होता. आमच्याच घरातलं लेकरू आहे ते.

मंत्रालयबीट
मराठी पेपरात रिपोर्टर आहे, त्यामुळे माझा अनुभव जरा उलटा. २००८ नंतरची गोष्ट, आझाद मैदानात मोर्चा असला की इंग्रजी पेपरवाले ब्लॅकबेरी बोल्ड काढायचे, दोन अंगठ्यांनी खटाखट, भाषण संपायच्या आत त्यांची अर्धी कॉपी ऑफिसला पोचलेली. ती बटणं खरंच काय बनवलेली होती, प्रत्येक बटणाला तिरका उतार, त्यामुळे शेजारचं दाबलं जायचं नाही. मला हेवा वाटायचा आणि मी एकदा मित्राचा मागून वापरूनही बघितला. पण करू काय त्याचं? मला देवनागरीत कॉपी द्यायची. आम्ही वहीत लिहायचो आणि सीएसएमटीच्या बाजूला एखाद्या आडोशाला उभं राहून डेस्कला फोन लावून बातमी वाचून दाखवायचो, तिकडे ऑपरेटर टाइप करणार. "जिल्हाधिकारी, ज वर वेलांटी, हॅलो, ऐकू येतंय का" असं ओरडत.
सगळे बटणांच्या नावाने हळहळतात तेव्हा मला हेच आठवतं की त्या बटणांच्या राज्यात आम्ही नव्हतोच. माझी पहिली बातमी मी स्वतः, देवनागरीत, घटनास्थळावरून पाठवली ती टचच्या फोनवरून. स्टीव्ह जॉब्सने जानेवारी २००७ मध्ये आयफोन दाखवताना मुद्दा मांडला होता की बटणं प्लास्टिकमध्ये पक्की बसलेली असतात, गरज असो नसो. त्याच्या डोक्यात ॲप होती, मराठी नक्कीच नव्हती, पण फायदा आपल्याला झाला. एकाच काचेवर आत्ता मराठी, आत्ता इंग्रजी, आत्ता हिंदी.
२०१७ ला गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठीत बोलून टाइप करायची सोय आली. पत्रकार परिषद संपल्यावर गाडीत बसून वापरतो, बरी आहे. मोर्चात काही उपयोग नाही, घोषणा पण टाइप होतात.

फोर्टचा टंकलेखक
मी कोर्टाच्या आसपास टायपिंग करून संसार केला. मराठी टायपिंगची परीक्षा मिनिटाला तीस शब्दांची, मशीनवर दिलेली. मशीन गोदरेजचं, १९५५ पासून आपल्या देशात बनायला लागलं ते, कारखाना विक्रोळीचा, त्यामुळे मुंबईच्या माणसाला त्याचा जरा जास्तच अभिमान. असो. रेमिंग्टनचा पट, म्हणजे मशीनवरची अक्षरांची मांडणी, बोटात बसला होता, मग कॉम्प्युटर आला आणि त्यावरची इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिकलो, वय झालेलं असताना. ते फार हुशारीने केलेलं आहे हे मी मान्य करतो, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, म्हणजे डावा उजवा डावा उजवा असा हात चालतो आणि लय लागते. १९८६ सालापासूनचं मानक आहे ते.
आता मुलाने फोन दिलाय त्यात तोच इनस्क्रिप्ट आहे, पण काचेवर. दहा बोटांची लय होती ती दोन अंगठ्यांत कशी येणार सांगा? की केवढीशी, आणि निम्मी अक्षरं शिफ्टच्या पलीकडे. ज्याने कधी टायपिंग शिकलं नाही त्याला फरक पडत नाही. आमच्यासारख्यांना मात्र काचेवर बोट आपटल्यावर "झालं की नाही" हे डोळ्यांनी तपासावं लागतं, आणि डोळे कागदावर ठेवायचे हे तर आमच्या धंद्याचं पहिलं तत्त्व.

पवईची
@फोर्टचा टंकलेखक काका, फोनवर इनस्क्रिप्टचा हट्ट सोडा आणि स्वरचक्र हा कीबोर्ड बघा. आमच्या पवईतलंच आहे, आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइनच्या विभागात बनवलेलं, २०१३ च्या सुमारास आलं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, क वर बोट ठेवलं की बोटाभोवती चक्र उघडतं, का कि की कु कू सगळे, हव्या त्या बाजूला बोट सरकवून सोडायचं. माझ्या सासूबाई दोन तासांत शिकल्या कारण शाळेतली बाराखडी येत होती, बाकी काही शिकावंच लागलं नाही. हे प्लास्टिकच्या बटणावर करताच आलं नसतं, म्हणून मी टचच्या बाजूने. नवीन फोनवर मिळतंय का ते मात्र बघावं लागेल, मी हल्ली दुसरं वापरते.

वरळी कोळीवाडा
आईचं लिहितो. पहाटे ससून डॉकवरून माल घेते आणि मग बाजारात बसते. हात दिवसभर ओले, बर्फाचे, खवल्यांचे. तिला आम्ही टच घेऊन दिला होता, हौसेने. गिऱ्हाईकाचा फोन यायचा, ही हिरवं बटण ओढायला जायची आणि स्क्रीन भलतीकडेच पळायची. काचेखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं, बोट लागलं की त्यात फरक पडतो आणि त्यावरून फोनला जागा कळते. पाण्याचा थेंबही तोच फरक पाडतो, मग फोनला वाटतं चार बोटं लागली. हे मी तिला समजावलं तर म्हणाली, "मग माशाने उचलला असता तरी चालला असता की."
आता बटणाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवरूनच दाबते. पैशाचा क्यूआर टोपलीला बांधलाय आणि बोलणारा डबा शेजारी ठेवलाय, त्याला हात लावायला लागत नाही. टच घरी, रात्री नातवाशी व्हिडिओ कॉल. तिच्या लेखी दोन्ही पाहिजेत, वाद कसला घालता म्हणते.

एलबीएस रोडवर भिजलेला
👆 शंभर टक्के. मी पार्सल पोचवतो, जुलैमध्ये या कधी. हँडलला फोन, वर पाऊच, पाऊचवर पाऊस. नकाशा आपोआप झूम होतो, एकदा ऑर्डर आपोआप कॅन्सल झाली माझी आणि दंड माझ्या नावावर. हातमोजे घातले तर बोट लागत नाही, काढले तर पाणी. पूर्वी माझ्याकडे नोकिया ५८०० होता, तो टचच पण दाबावर चालणारा, नखाने पण चालायचा, पेनाने पण, पावसाला भीक घालायचा नाही. दोन बोटांनी झूम नव्हतं त्यात, पण मला काय करायचंय झूम, मला कुर्ल्याला डावीकडे वळायचंय की उजवीकडे एवढंच कळायला हवं. "पोचलो" आणि "दिलं" एवढी दोन खरी बटणं कुणी हँडलला लावून दिली तर मी त्याचे पाय धरीन.

डोंबिवली काकू
आमच्या आजी (सासूबाईंच्या आई, नव्वदीच्या आसपास) यांचं बोट टचला लागतच नाही. कातडी कोरडी पडलेली, घट्टे. मग त्या बेल दाबल्यासारखं जोर लावून दाबून धरतात, आणि दाबून धरलं की फोनला वाटतं ह्यांना आयकॉन हलवायचाय. दर रविवारी गेलं की आमच्या मावशींचा फोटो गायब आणि कॅलक्युलेटर तीन जागी. शेवटी दादरहून मोठ्या आकड्यांचा बटणवाला आणला, मागे लाल बटण इमर्जन्सीचं. आजी खूश. आम्ही पण.

ठिपका पाचवरचा
मला दिसत नाही, जन्मापासून. सगळ्यांना वाटतं की अंध माणूस बटणांच्याच बाजूने असणार. बऱ्याच वर्षांपर्यंत होतो. ५ वर उंच ठिपका असतो, तो सापडला की बाकीचे सगळे आकडे सापडले. नोकियाच्या सिम्बियन फोनवर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून घ्यायचो, ते स्क्रीन वाचायचं, आणि मी चर्चगेटपासून घरापर्यंत मेसेज टाइप करत जायचो.
टच आला तेव्हा वरळीला नॅबमध्ये (अंधांची राष्ट्रीय संस्था) भेटणाऱ्या मित्रांमध्ये अक्षरशः घबराट होती, आता आपण बाद म्हणून. २००९ ला आयफोनवर व्हॉइसओव्हर आलं, अँड्रॉइडवर टॉकबॅक. बोट काचेवर फिरवायचं, खाली जे असेल ते फोन बोलतो, हवं ते सापडलं की दोनदा टॅप. सुरुवातीला शिव्या दिल्या, आता त्याच काचेवर बँक, रेल्वेचं तिकीट, पेपर, सगळं करतो, बटणाच्या फोनवर ह्यातलं निम्मं पण नव्हतं. २०२० पासून टॉकबॅकमध्ये ब्रेलचा कीबोर्ड पण आहे, फोन आडवा धरून सहा बोटांनी, माझा वेग बघून डोळस लोक विचारतात काय करतोयस.
पण एक गोष्ट अजून छळते. बँकेला फोन लावला की "मराठीसाठी अमुक दाबा". फोन कानावरून काढा, स्क्रीन जागी करा, कीपॅड शोधा, तोवर टॉकबॅक बोलतोय आणि पलीकडची बाई पण बोलतेय, दोघांचं एकात एक. वेळ संपली, कृपया पुन्हा प्रयत्न करा. तेवढ्यासाठी जुना बटणवाला अजून खिशात असतो, ज्या नंबरवर खातं आहे तेच सिम त्यात.

विरारफास्ट
@ठिपका पाचवरचा हे वाचून माझी पोस्ट जरा फिकी पडली राव.

कळवा स्लो
मी कट्टर बटणवाला. ब्लॅकबेरी कर्व्ह, मग क्यू टेन, मग अँड्रॉइडवाला कीवन. जुन्या ब्लॅकबेरींची सर्व्हिस ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली त्या दिवशी ऑफिसमध्ये लोकांनी माझं सांत्वन केलं, हसत हसत. लांब ईमेल लिहायला अजून त्याच्यासारखं काही नाही. पण मंत्रालयबीट म्हणतात ते मला पटतंय, मी हे सगळं इंग्रजी ईमेलसाठीच म्हणतोय. घरच्या ग्रुपवर मराठी लिहायला मीही टचच काढतो. असा विचार केला नव्हता.

माहीमची
छान चाललंय, थांबू नका. दोन प्रश्न मेसेजमध्ये आलेत ते इथेच टाकते. एक, वडलांना बटणाचा साधा फोन द्यायचाय पण त्यावरून पैसे पाठवता येतील का. दोन, त्या क्लिक्ससारख्या बटणांवर किंवा कुठल्याही खऱ्या कीबोर्डवर फोनमध्ये मराठी कुणी टाइप करतं का, बटणांवर तर इंग्रजीच छापलेलं असतं.

गिरगावकर
पहिल्याचं उत्तर, येतात. यूपीआय १२३पे, मार्च २०२२ ला सुरू झालं, साध्या फोनसाठीच. कॉल करून आकडे दाबायचे. आधी घरात बसून दहा रुपये एकमेकांना पाठवून बघा, पिन बाजारात मोठ्याने बोलायची नाही हे बाबांना बजावून सांगा.

फोर्टचा टंकलेखक
दुसऱ्याचं मी सांगतो. नातवाने ब्लूटूथचा घडीचा कीबोर्ड फोनला जोडून दिलाय आणि सेटिंगमध्ये मराठी लावलंय, गेल्या आठवड्यापासून सोसायटीचं इतिवृत्त त्यावरच लिहितोय. बटणांवर काय छापलंय याच्याशी आम्हाला काय देणंघेणं, के दाबला की क, शिफ्टसकट एन दाबला की ळ, बोटांना पाठ आहे. पवईच्या ताई, तुमचं ते चक्र पण बघतो, पण रिक्षात बसलो असताना.

रुईयानाका
आजोबा ज्यांना पाठ नाही त्यांनी काय करायचं? 🙈 लॅमिंग्टन रोडला मराठी अक्षरांचे स्टिकर मिळतात का कुणाला माहितीये? लॅपटॉपला लावायचेत, मराठी विभागाचं असाइनमेंट टाइप करून मागितलंय.

पवईची
कीबोर्ड विकणाऱ्या एखाद्या दुकानात विचार, पण "हिंदी स्टिकर" म्हणून माग. आणि घ्यायच्या आधी त्यावर ळ आहे ना ते बघून घे.