आजोबांच्या डब्यातली परदेशी नाणी, कुणाला ओळखता येतील का?

हर्णैकर
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते, एडन, मोंबासा, झांजिबार असल्या फेऱ्या, साधारण १९३५ ते ५० चा काळ. परवा माळ्यावरची ट्रंक काढली तर बिस्किटाच्या डब्यात तीन नाणी निघाली आणि चौथं आजीच्या देवघरात आहे. फोटो काही केल्या चढेना म्हणून लिहूनच सांगतो. पहिलं मोठं, जाड, चांदीसारखं, डोक्यावर पदर घेतलेली अंगाने भरलेली बाई, मागे दोन डोक्यांचा गरुड, साल १७८०, आणि वरती कडी तोडल्यासारखी खूण. दुसऱ्याला मधोमध भोक, भोवती केळ्यासारखं काहीतरी वाकडं आणि ईस्ट आफ्रिका, मागे मुकुट आणि एडवर्ड की कायसं. तिसरं तांब्याचं, त्यावर अरबी आणि इंग्रजीत फक्त मस्कत एवढं लागतंय, आकडे म्हणजे रेघ, मग फणीसारखं, परत रेघ आणि शेवटी शून्य. चौथं पिवळंधमक, राणी व्हिक्टोरिया, मागे घोडेस्वार आणि राक्षसासारखं काहीतरी, १८३७. सोनार पहिल्याला नकली म्हणाला आणि वर वजनावर देता का असंही विचारलं!! काय समजायचं?

नाणेवेडा
दादा, नकली असतं तर त्याने वजनावर मागितलं असतं का :) या नाण्याला थेलर म्हणतात आणि ती बाई म्हणजे ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा. ती वारली १७८० मध्ये, पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेन, इथिओपियात लोकांना हेच नाणं हवं असायचं, दुसरं दिलं तर घेत नसत, म्हणून पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ तेच साल ठेवून नाणी पाडत राहिले. साल बघून हुरळायचं नाही ते म्हणूनच. आणि गंमत म्हणजे इटलीच्या मुसोलिनीने १९३५ मध्ये ऑस्ट्रियाकडून याचे ठसे मिळवले, मग इंग्रजांनी लंडनमध्ये पाडायला सुरुवात केली आणि महायुद्धात १९४०-४१ ला आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडली. म्हणजे तुमचं हे परदेशी नाणं फोर्टात जन्मलेलंही असू शकतं. वजन करा, २८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, म्हणजे जुन्या हिशेबाने अडीच तोळ्याला थोडं कमी, त्यात शुद्ध चांदी २३ ग्रॅमच्या वर. कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं असतात, न्याय आणि दया अशा अर्थाची, कड गुळगुळीत असेल तर मात्र शंका घ्या. कडीची खूण म्हणजे कुणीतरी गळ्यात घातलेलं, तिकडे बायका दागिन्यात लावायच्या. किंमत थोडी उतरते त्याने, पण मला तसलीच जास्त आवडतात.

भोकवाल्यावर केळी नाहीत हो, हस्तिदंत आहेत 😄 एडवर्डच्या पुढे रोमन आठ आहे का बघा.

पाटील_सर
चौथं सरळसरळ गिनी आहे, आठ ग्रॅम सोनं!! कुणाला दाखवू पण नका.

हर्णैकर
हो आठच आहे, व्ही आणि तीन रेघा. मोठ्याचं वजन २८ भरलं आणि कडेला अक्षरं पण आहेत 🙏 भावाने तांब्याचं चिंच लावून घासलं, आता गुलाबी दिसतंय.

मंजूताई_डोंबिवली
अरे देवा, चिंच! भावाला सांगा आता बाकीच्यांना हात लावायचा नाही, वरचा थर गेला की परत येत नाही आणि संग्राहक तेच बघतो आधी. त्या तांब्याच्या नाण्यावरचं शेवटचं शून्य नाहीये, तो अरबी पाच आहे, तिकडे शून्य म्हणजे नुसता टिंब. म्हणजे १३१५ हिजरी, आपलं १८९७-९८. मस्कतचा सुलतान फैसल बिन तुर्की, पाव आणा. आणे पैसे तिकडेही चालायचे, रुपया आपलाच होता ना.

आठवा एडवर्ड १९३६ मध्ये जेमतेम अकरा महिने राजा होता, गादी सोडली त्याने. इंग्लंडात त्याच्या चेहऱ्याचं नाणं चलनात आलंच नाही, पण भोकाच्या नाण्यावर चेहरा नसतोच, नुसतं नाव, त्यामुळे ती आधीच पाडून झाली होती. खूप निघाली, स्वस्तात मिळतात, लाखोंच्या जाहिराती बघून फसू नका.

पाटील सर, थांबा जरा. खऱ्या गिनीवर घोडेस्वार असेल तर तो राक्षसी सर्प मारणारा संत, सेंट जॉर्ज असतो, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण. हर्णैकर, तुमच्या घोडेस्वाराला मुकुट आहे का, आणि वरच्या बाजूला टू हॅनोव्हर असं लिहिलंय का?

हर्णैकर
हो! मुकुट आहे. टू हॅनोव्हरच आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीन ग्रॅमच भरलं.

मंजूताई_डोंबिवली
मग पितळी टोकन आहे ते. हॅनोव्हर म्हणजे जर्मनीतलं राज्य, तोवर इंग्लंडचा राजाच तिथलाही राजा असायचा. १८३७ ला व्हिक्टोरिया गादीवर आली पण हॅनोव्हरच्या कायद्यात पुरुष वारस असताना बाईला राज्य नाही, तिथे तिचा काका राजा झाला. लोकांना तो अजिबात आवडायचा नाही, जा बाबा एकदाचा हॅनोव्हरला असं म्हणून ही काढलेली. पुढे पत्त्याच्या डावात वापरायचे आणि लबाड लोक अंधारात गिनी म्हणून खपवायचे. बोटीवर पत्ते तर रोजचेच.

पाटील_सर
चुकलो. टू हॅनोव्हर हे माहीतच नव्हतं.

हर्णैकर
आता पंचाईत ही की आजी ते पिवळं नाणं गेली पन्नास वर्षं लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवते, हळदीकुंकू बसून बसून राणीचं नाक गेलंय. आजोबांनी पहिल्या पगाराचं म्हणून दिलेलं. तिला काय सांगू?

नाणेवेडा
काहीही सांगू नका. यंदा शेजारी थेलर ठेवा, ती चांदीची आहे.