पावसाळ्यानंतर जुन्या स्प्लेंडरचा मागचा ब्रेक धरून राहतो

प्रश्न, म्हापसा:
2004 ची स्प्लेंडर. मागचा ब्रेक दाबला की पेडल रेंगाळत वर येतं, चार-पाच किलोमीटरांत ड्रम चटका देतो. लायनर नवे टाकले, ॲडजस्टिंग नटही सैल केला. स्प्रिंगा बदलू का?

उत्तर, वास्को:
आधी कॅम (ब्रेक दाबल्यावर फिरून लायनर फाकवणारा तुकडा) बघा. पेडलकडून येणारा रॉड सोडवून त्याच्या टोकाचा लिव्हर हाताने पुढे ढकला आणि सोडा. झटकन मागे आला नाही तर कॅमची दांडी ब्रेक प्लेटमध्ये (ड्रमच्या झाकणात) जाम आहे. दांडी स्टीलची, प्लेट ॲल्युमिनियमची. आपल्या खाऱ्या हवेत मधलं ग्रीस धुपलं की भोकात पांढरी भुकटी धरते. मग नव्या स्प्रिंगाही तिला परत फिरवू शकत नाहीत.

चाक काढा, लायनर उतरवा. लिव्हरचा बोल्ट काढण्याआधी दांडीवरची आणि लिव्हरवरची खूण जुळते का ते पाहून ठेवा. दांडी बाहेरून आत ढकलली की निघते. अडली तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. हातोडी घातलीत तर दांडीवरचे, लिव्हर बसतो ते दातेच चेपतील. दांडी आणि भोक 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून रॉकेलने धुवा. कोरडी दांडी बोटाने गरगर फिरली पाहिजे. मग उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दांडीवर, कॅमच्या तोंडावर आणि समोरच्या पिनवर. जास्त लावलंत तर वितळून लायनरवर येईल.

उत्तर, फोंडा:
कॅमच्या दांडीवरचं फेल्ट (नमद्याचं) वॉशर इंजिन ऑइलमध्ये भिजवूनच बसवा, पाणी तिथूनच आत शिरतं. तापलेले लायनर आरशासारखे चकाकत असतील तर 80 नंबरच्या पेपरने खरवडा. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न, म्हापसा:
पेडल खाली जातं म्हणून लिव्हर एक दाता पुढे बसवला होता. चालेल?

उत्तर, वास्को:
अजिबात नको. खुणेवरच आणा. लायनर झिजले की कॅम प्रमाणाबाहेर फिरते आणि आडवी होऊन अडकते; चाक जागीच जाम होईल. शिवाय लायनरची झीज दाखवणारा लिव्हरजवळचा बाणही खोटं दाखवतो. लायनर 2 मिमीवर आले की बदलायचेच.

जोडताना ब्रेक दाबून धरा आणि मगच एक्सलचा नट आवळा, म्हणजे लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात. पेडलला 20 ते 30 मिमी खेळ ठेवा. प्लेटच्या टेकूदांडीच्या बोल्टला नवी स्प्लिट पिन घाला. ती दांडी सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते.