प्रतिसाद: पथनाट्यानंतर काय?

कॉलेजच्या मुलांनी वस्तीत पथनाट्य करून बायकांना स्तनाच्या कर्करोगाची गाठ ओळखण्यासाठी स्वतःची स्तनतपासणी शिकवावी, ही इथे कुणी सुचवलेली कल्पना चांगलीच आहे. फक्त शिकवताना नेमकी चूक होते ती बोटांची. चिमटीत धरलं की निरोगी स्तनातही गाठच लागते आणि बाई उगाच घाबरते. मधली तीन बोटं सपाट ठेवायची, टोकं नव्हे, पेरांचा मऊ भाग. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत, आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबायचं. काख विसरू नका. पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी तपासावं. आधी स्तन जड, दुखरे असतात.

‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज आधी मोडा, सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही.

पण नुसत्या स्व-तपासणीवर भिस्त नको. चीनमधल्या शांघायच्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासात स्व-तपासणीने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत. मुंबईत टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासले, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले. म्हणून पथनाट्यानंतर पत्रक वाटा आणि त्यावर जवळच्या सरकारी दवाखान्याचा तपासणीचा वार आणि वेळ छापा. स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीच्या गुलाबी फिती नंतर.